डाव्या पायाचा मोजा

लेक : आणि तो गाऊन उलटासुलटा करून बघायचं थांबव आधी. हॉस्पिटलचा आहे तो.

आई : बघतेय फक्त. ह्याला गाऊन म्हणतात? पोत्याला तीन भोकं पाडली की झाला गाऊन. बंद मागच्या बाजूला कशाला दिलेत?

लेक : पुढून डॉक्टर तपासतात, मागून वारा येतो. सोय आहे.

आई : आणि उंची गुडघ्याच्याही वर. वीतभर कापड जास्त घातलं असतं तर काय हॉस्पिटलचं दिवाळं निघालं असतं?

लेक : वीतभर जास्त घातलं असतं तर पाय झाकला असता. तेच म्हणायचंय ना तुला?

आई : मी पायाचं नावसुद्धा काढलं नाही.

लेक : तू एकतीस वर्षांत काढलेलं नाहीस.

आई : चादर घे अंगावर.

लेक : उकडतंय.

आई : मघाशी ती फरशी पुसणारी बाई थांबून बघत होती.

लेक : बघू दे की. एक पाय गोरा, एक पाय जांभळा. डावा उजव्याच्या दीडपट, वर शिरांचे घड लटकलेत. फुकटात दिसतंय म्हटल्यावर मीही थांबले असते.

आई : तुझ्या जिभेला काही हाड? नवऱ्यासमोरही अशीच बोलतेस?

लेक : त्याच्यासमोर जास्त.

आई : आहेत कुठे जावईबापू?

लेक : चहा आणायला गेलाय. सकाळपासून चौथ्यांदा. सोनोग्राफीचं मशीन दिसलं की त्याला चहाची आठवण होते.

आई : भला माणूस आहे. दुसरा असता तर लग्नानंतर पाय बघून आकांडतांडव केलं असतं. ह्यांनी ब्र काढला नाही.

लेक : लग्नानंतर?

आई : मग? लग्नाच्या पोशाखाला मी आतून दुहेरी अस्तर लावलं होतं. चालताना फरक दिसू नये म्हणून उजव्या अंगाला आत पट्टी भरली होती. अख्ख्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते माझं. भरल्या मांडवात एकालाही पत्ता लागला नाही.

लेक : आई, तो माझ्याकडे गाडी शिकायला यायचा.

आई : ते माहितीये मला.

लेक : क्लच कसा सोडायचा ते त्याच्या टाळक्यात शिरेना. म्हणून मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि म्हटलं, बघ, टाच कुठे टेकलीये. त्याने टाच सोडून बाकी सगळं बघितलं. शिकवणीचा तिसरा दिवस होता.

आई : तिसऱ्या दिवशी तू पँट वर केलीस?

लेक : त्याने विचारलं, दुखतो का? मी म्हटलं, तू गाडी बंद पाडतोस तेव्हा जेवढं दुखतं तेवढं नाही.

आई : म्हणजे लग्नात त्यांना माहीत होतं.

लेक : माहीत नसल्याचं नाटक करत होता. खास तुझ्यासाठी. छान केलं की नाही?

आई : आणि मी त्या पट्टीपायी बोटं फोडून घेतली.

लेक : पट्टी झकास बसली होती. उकडलं मात्र फार. या डॉक्टर, या. आई पोशाखाबद्दल सांगतेय.

डॉक्टर : मी मोज्याबद्दल बोलायला आलेय. त्याआधी रिपोर्ट. काकू, बसा. उभं राहून ऐकण्याइतकं वाईट नाही.

लेक : म्हणजे बसून ऐकण्याइतकं आहे.

डॉक्टर : आहे. मांडीच्या आतल्या बाजूला, त्या वेड्यावाकड्या शिरांमध्ये, गुठळी झालीये. कालपासून पाय सुजलाय तो त्याने. गुठळी अजून जागेवर आहे. सुटून छातीकडे निघालेली नाही, एवढी अक्कल तिला आहे.

आई : गुठळी म्हणजे नेमकं काय हो?

डॉक्टर : रक्त एका जागी तुंबून राहिलं की थिजतं. हिच्या पायातल्या शिरा जन्मापासून नकाशा न बघता बांधल्यासारख्या आहेत. जिथे झडपा हव्यात तिथे नाहीत, जिथे वळण नको तिथे तीन. त्यात नववा महिना, वरून पोटाचं ओझं. खालचं रक्त वर चढायला तयार नाही. कचेरीतल्या फायलीसारखं.

लेक : फाईल चिरीमिरी दिली की चढते.

डॉक्टर : इथली चिरीमिरी म्हणजे तो दाबाचा मोजा. म्हणून तर तुला दिवस गेल्याचं कळल्याबरोबर मापं देऊन बनवून घेतला. घोट्याला जास्त दाब, पोटरीला त्याहून कमी, मांडीला त्याहून कमी. खालून वर ढकलत न्यायचं. घालतेस ना रोज?

लेक : डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत. शपथेवर सांगते.

डॉक्टर : शपथ राहू दे. मोजा दे.

लेक : तो काय, खुर्चीच्या पाठीवर. सुरुवातीला जीव जायचा चढवताना. नवरा एका बाजूने ओढायचा, मी दुसऱ्या. रस्सीखेच. मग सवय झाली. आता तर पायात आहे की नाही तेही कळत नाही.

डॉक्टर : कळत नाही?

लेक : अजिबात.

डॉक्टर : नवव्या महिन्यात, पाय फुगलेला असताना, दाबाचा मोजा कळत नाही.

लेक : माणसाला कशाचीही सवय होते, डॉक्टर.

डॉक्टर : नवऱ्याची होते. मोज्याची होत नाही. हे काय आहे?

लेक : कुठे?

डॉक्टर : ही पट्टी. मांडीपासून पोटरीपर्यंत आतल्या बाजूने. मी चांगली मापं लिहून पाठवली आणि त्या लोकांनी मध्ये हे कापड भरून पाठवलं? घाल, मूठ घाल आत. अख्खी जातेय. शिवण मात्र अप्रतिम. नख फिरवलं तरी लागत नाही. आमच्याकडे पोटाचे टाके असे घालणारा एक सर्जन नाही.

आई : नागमोडी टीप आहे ना ती. ताणणाऱ्या कापडाला सरळ टीप घातली की पहिल्याच दिवशी तुटते.

डॉक्टर : तुम्हाला ह्यातलं कळतं वाटतं.

आई : लग्नाच्याही आधीपासून शिवणकाम करते. ती मधल्या पट्टीची कळी मीच घातलीये.

लेक : आई?

डॉक्टर : तुम्ही घातलीये.

आई : वळ उठायचे हो पोरीच्या मांडीवर. लालभडक. मोजा धुवायला घेतला तेव्हा बघितलं, तर मापच चुकलेलं! एवढा भरलेला पाय आणि एवढासा मोजा. म्हटलं, कारखान्यातलं काम, असंच असायचं. शिवण उसवून थोडं कापड भरलं. पुढच्या महिन्यात पाय वाढला तसं आणखी थोडं. माझ्या हातचा कपडा आजवर कोणाला काचला नाही.

डॉक्टर : काकू, हा कपडा नाही.

आई : मग काय आहे?

डॉक्टर : औषध आहे. तुम्ही औषधात पाणी घातलंत. नागमोडी टीप घालून.

लेक : कधीपासून?

आई : अगं, तुला बरं वाटत होतं ना...

लेक : कधीपासून ते सांग.

आई : चौथा लागला तेव्हापासून.

लेक : म्हणजे एवढे महिने मी रोज सकाळी उठून एक साधा पायमोजा घालत होते. आणि डॉक्टरांना सांगत होते, बघा, मला कसा सहन होतो. शाबासकी घेत होते!

डॉक्टर : मीही देत होते. तू तपासणीला येताना मोजा काढून पिशवीत टाकून यायचीस आणि मी तो एकदाही हातात घेतला नाही. तेवढं माझ्या खात्यावर मांडा. आता ऐका दोघी. रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करायचं. सकाळ-संध्याकाळ, पोटाच्या कातडीत. म्हणजे गुठळी वाढणार नाही.

लेक : हे सोपं वाटतंय. गोम कुठे आहे?

डॉक्टर : बाळंतपणात कळा कमी व्हाव्यात म्हणून पाठीत बधिर करायचं इंजेक्शन देतात. ते रक्त पातळ असताना देता येत नाही. कण्यात रक्त साचलं तर दोन्ही पाय जातात. तुझा चांगला पायसुद्धा. मध्ये अख्खा एक दिवस पातळ करणारं इंजेक्शन बंद लागतं. म्हणून आपण पुढच्या आठवड्यात दिवस ठरवू, इंजेक्शन थांबवू, आणि मग कळा आणू.

लेक : आणि त्या आपणहून आल्या तर?

डॉक्टर : तर पाठीतलं विसर. आणि रक्त थांबायला वेळ लागेल. पोट कापायचं मी शेवटपर्यंत टाळणार, कारण ओटीपोटातही ह्या शिरांचं जाळं पोचलंय. एमआरआयमध्ये खालची वाट मोकळी दिसलीये, तेवढं एक नशीब. त्यामुळे आठवडाभर कळा यायच्या नाहीत. समजलं?

लेक : पोटातल्याला निरोप देते.

आई : डॉक्टर, जिवाला धोका आहे का हिच्या?

डॉक्टर : आहे. फार नाही, पण आहे. मोजा घट्ट असता तर आज हे बोलणं झालं असतं की नाही, मला सांगता येणार नाही. येते मी. रक्ताच्या पिशव्या सांगून ठेवायच्यात.

आई : पाणी देऊ का गं?

लेक : त्यात काही भरलं नाहीस ना?

आई : असं बोलू नकोस.

लेक : मग कसं बोलू? मला एक सांग, मोजा उसवताना मला विचारावं असं नाही वाटलं?

आई : तू नाही म्हणाली असतीस.

लेक : वा! ह्याला म्हणतात मुलीची मर्जी ओळखणं. पहिलीपासून बघतेय. एक पाय रुंद कापलेल्या माझ्या विजारी. खेळाच्या तासाला तुझा निरोप, हिची हाडं नाजूक आहेत. पोहायला पाठवायचं नाही, हिचा कान फुटतो. माझा कान कधी फुटला होता गं?

आई : फुटला असता.

लेक : डॉक्टर म्हणतात, अशा पायाला पोहण्यासारखा व्यायाम नाही. पाणी सगळीकडून सारखं दाबतं. तू मला पाण्याच्या जवळ जाऊ दिलं नाहीस. तुझा धंदा तरी काय होता, कपडे शिवायचा की माझ्यावर खोळ चढवायचा?

आई : पोरांनी चिडवलं असतं तुला.

लेक : चिडवलं असतं तर मी चावले असते. मला येतं. मला नाही गं कोणी चिडवलं. तुला कोण चिडवत होतं?

आई : जाऊ दे.

लेक : नाही जाऊ देत. माझ्याकडे आज भरपूर वेळ आहे, आठवडाभर कळा यायच्या नाहीयेत.

आई : तू झालीस तेव्हा बघायला येणारी प्रत्येक बाई आधी दुपटं उघडायची. मग तुझा पाय बघायची. मग माझ्याकडे बघायची. पोटुशी असताना काय केलं होतंस गं? काय खाल्लंस? कुठे पडलीस? काय उचललंस? तुझी आत्या तर चष्मा लावून आली होती.

लेक : आणि तू काय सांगितलंस?

आई : मी दुपट्याला बंद शिवले.

लेक : छान. आणि तेव्हापासून आजपर्यंत बंदच शिवत बसलीस.

आई : रागाव तू. तुझं बरोबरच आहे.

लेक : आता समजूतदारपणा नको दाखवूस, त्याने डोकं जास्त फिरतं. बाहेर जाऊन बस. खरंच. मला तुझ्याकडे बघवत नाहीये.

* * *

डॉक्टर : काकू, ह्या बाकावर बसू नका. पाच मिनिटांत कंबर धरते. लोकांनी लवकर घरी जावं म्हणूनच बनवलाय तो.

आई : काल दुपारपासून इथेच आहे. हाकललंय मला.

डॉक्टर : कळलं. ह्या मजल्यावर सगळ्यांनाच कळलं. ऐकू न येणारे एक आजोबा आहेत टोकाच्या खोलीत, त्यांनाही कळलं.

आई : माझ्यामुळेच झाली ना ती गुठळी?

डॉक्टर : माहीत नाही. असा पाय आणि त्यात गरोदरपण म्हटलं की चांगला मोजा घालूनही होते कधीकधी. ठामपणे सांगता यायचं नाही. मला माहीत नाही असं मी वर्षातून एकदा म्हणते, जपून ठेवा.

आई : म्हणजे चूक माझी नाही?

डॉक्टर : असं म्हटलं मी? चूक तुमचीच. गुठळी तुमची आहे की नाही, ते माहीत नाही.

आई : तुमच्याशी बोललं की माणसाला फार बरं वाटतं हो.

डॉक्टर : सगळे तसंच म्हणतात. उठा. नवा मोजा मागवायचाय. सुजलेल्या पायाची मापं हवीत आणि आमची मापं घेणारी मुलगी सुट्टीवर आहे. टेप आहे?

आई : पर्समध्ये असते. पण ती बोलत नाहीये माझ्याशी.

डॉक्टर : मापं घ्यायला बोलावं लागत नाही. आणि जेवढं भरेल तेवढंच सांगा. बोटभर सैल सोडायची तुमची सवय आहे ना, ती दाराबाहेर ठेवून जा.

आई : शिवणारा प्रत्येक जण सोडतो बोटभर.

डॉक्टर : म्हणूनच आधी सांगतेय.

* * *

लेक : डॉक्टरांनी पाठवलं म्हणून. मी बोलावलेलं नाही.

आई : तू गप्प बस, मी गप्प बसते. पाय सरळ कर. घोटा... लिही तिकडे, अठ्ठावीस सेंटीमीटर.

लेक : टेपमध्ये बोट आहे तुझं.

आई : कुठे?

लेक : ते काय. काढ. आणि घट्ट धर.

आई : सव्वीस. सवयीने गेलं गं.

लेक : अजून घट्ट.

आई : वळ उठेल.

लेक : उठू दे.

आई : पोटरी त्रेचाळीस. आता मांडी. जरा इकडे वळ... हे काय? पोट दगडासारखं झालंय.

लेक : होतं तसं मधूनमधून.

आई : कधीपासून?

लेक : पहाटेपासून.

आई : पहाटेपासून! आणि कोणाला बोलली नाहीस?

लेक : मला वाटलं, राग आहे.

आई : अगं, राग पोटात दर थोड्या वेळाने येऊन जातो का? येतो, आवळतो, सोडतो?

लेक : तू समोर असलीस की तसाच येतो. आई गं... आई. हा मोठा होता.

आई : इंजेक्शन कधी दिलं शेवटचं?

लेक : आत्ताच. नाश्त्यानंतर.

आई : सिस्टर! ओ सिस्टर! डॉक्टरांना बोलवा आधी!

* * *

(प्रसूतिकक्ष. नवरा दोनदा दारापर्यंत आला आणि दोन्ही वेळा त्याला बाहेर खुर्चीवर बसवून पाणी पाजावं लागलं.)

डॉक्टर : आठवडाभर थांब म्हटलं होतं. बाईसाहेब एका दिवसात निघाल्या. शिकाऊ लोकांना सिग्नल पाळायला कोण शिकवतं, तूच ना?

लेक : पाठीत काहीच नाही देता येणार?

डॉक्टर : नाही.

लेक : थोडंसं?

डॉक्टर : रक्त थोडंसं पातळ असतं तर थोडंसं दिलं असतं. सलाइनमधून एक औषध देते, त्याने धार जरा बोथट होईल. बाकी तुझं तुला.

आई : माझा हात धर.

लेक : हिला कोणी आत घेतलं?

डॉक्टर : मी. तुझा नवरा चुन्यासारखा पांढरा पडलाय. शिल्लक मालात ह्याच होत्या.

आई : श्वास घे. लांब.

लेक : मला माहितीये श्वास कसा घ्यायचा! जन्मल्यापासून घेतेय!

आई : मग घे की.

लेक : तू बोलू नकोस. तू फक्त हात दे. दोन्ही दे.

आई : नखं रुतताहेत गं.

लेक : वळ उठतील?

आई : उठू देत.

डॉक्टर : भांडण चालू ठेवा, छान जोर लागतोय. आता पुढच्या कळेला थांबायचं नाही. गाडी चढावर आहे, ब्रेकवरचा पाय काढ.

लेक : माझ्या धंद्यातलं बोलू नका! तुम्हाला गाडी मागे घेता येत नाही, मी पार्किंगमध्ये बघितलंय!

डॉक्टर : ह्या बोलण्याचा सूड मी टाके घालताना घेणार आहे. लाव जोर. अजून. अजून. डोकं दिसतंय. आता हळू... हळू... आली. मुलगी आहे. आवाज ऐका. शेजाऱ्यांनी घर बदलावं.

लेक : रडतेय ना? तीच रडतेय ना?

आई : तीच. काय आवाज आहे! रडतेय चांगली.

लेक : डॉक्टर, तिचा... डॉक्टर?

डॉक्टर : सिस्टर, पोटावर हात. दाबा. जोरात.

लेक : काय झालं?

डॉक्टर : पहिली पिशवी सुरू करा. भूलतज्ज्ञांना आत घ्या. दुसरी हाताशी ठेवा.

लेक : डॉक्टर, काहीतरी बोला ना. टोमणा मारा एखादा. आई, ह्या टोमणे मारत नाहीयेत.

आई : काम चाललंय त्यांचं. तू माझ्याकडे बघ.

लेक : थंडी वाजतेय. खूप जातंय का?

आई : माझ्याकडे बघ तू.

लेक : खरं सांग. आई, आज काही झाकू नकोस.

आई : खूप जातंय. खालचं कापड भिजलं. दुसरं घातलं, तेही भिजलं. डॉक्टरांचे हात कोपरापर्यंत लाल झालेत. पण हात थांबलेले नाहीत, आणि थरथरत नाहीत. हाताचं मला कळतं.

लेक : बोलत राहा.

आई : काय बोलू?

लेक : दिसतंय ते.

आई : पिशवी लावलीये. थेंब पडताहेत. सिस्टर पोट दाबतेय, अंगठी काढून ठेवलीये तिने. भूलवाले डॉक्टर आले, त्यांच्या शर्टाची कॉलर उलटी शिवलीये. तुझा डावा पाय त्या लोखंडी आधारावर आहे, मांडीपर्यंत उघडा. एवढी माणसं आहेत खोलीत, कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीये.

लेक : पोरगी?

आई : कोपऱ्यात पुसताहेत तिला. लाथा झाडतेय. डोळे मिटू नकोस. ए. मिटू नकोस म्हटलं ना. दुसरी पिशवी जोडताहेत. डॉक्टरांनी कोणतं तरी इंजेक्शन मागितलं. दिलं. आता त्या खाली बघताहेत. अजून बघताहेत. मान हलवली. कशी हलवली ते कळलं नाही मला.

लेक : आई...

आई : इथेच आहे. परत कापड बदललं. हे... हे एवढं नाही भिजलेलं. खरंच सांगतेय. कडा कोरड्या आहेत.

डॉक्टर : काकू, क्रिकेटची मॅच नाही चाललेली. जरा हळू आवाजात.

लेक : टोमणा मारला.

आई : मारला गं बाई. मारला.

डॉक्टर : आवळलं गर्भाशय. किती वेळ लावला! एकदा सांगून ऐकायचं नाही हा घराण्याचा गुण दिसतोय.

* * *

डॉक्टर : झोपली का पेशंट?

आई : आत्ताच लागलाय डोळा. झोपेतही काहीतरी पुटपुटत होती. बहुतेक मलाच बोलत असेल.

डॉक्टर : मग तब्येत ताळ्यावर आहे. इंजेक्शनं पुढे सहा आठवडे. नवा मोजा उद्या येईल. त्याला सुई लागली तर मी पोलिसांत जाईन.

आई : धुवायलासुद्धा घेणार नाही. जावईबापू धुतील.

डॉक्टर : बाळाला मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही पाय सारखे, कुठे डाग नाही. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगितलं.

आई : विचारणार नव्हते.

डॉक्टर : बरं. येते मी.

आई : डॉक्टर, एक विचारायचं होतं. तुमचा वेळ जात नसेल तर.

डॉक्टर : जातोय. विचारा.

आई : ही पोटात होती तेव्हा माझ्याकडे पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं. गणवेशांचं मोठं काम आलं होतं. सकाळी बसले की उठायची नाही. उजवा पाय दुखायचा, म्हणून सगळा जोर डाव्या पायाने. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. त्या बायका मला विचारायच्या ना, काय केलं होतंस म्हणून... मला माहीत होतं काय केलं होतं ते.

डॉक्टर : काकू...

आई : तुम्ही हो म्हणालात तरी चालेल. आता सगळं नीट पार पडलंय. आता ऐकू शकेन मी.

डॉक्टर : मशीनने होत नाही.

आई : डावाच पाय होता हो.

डॉक्टर : असू दे. मशीनने होत नाही, पडल्याने होत नाही, काही खाल्ल्याने होत नाही. अगदी सुरुवातीला, पोटात शिरा बनायला लागतात तेव्हाच एखाद्या पेशीत चूक होते. तुम्हाला दिवस गेलेत हे जेमतेम कळलं असेल तेव्हा. ती चूक कोणी करत नाही. होते.

आई : नक्की?

डॉक्टर : मी चेष्टा करतेय असं वाटतंय का?

आई : नाही. आज नाही वाटत.

डॉक्टर : इतक्या वर्षांत हे कोणत्याही डॉक्टरला विचारता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

आई : विचारलं असतं, आणि हो म्हणाले असते तर?

डॉक्टर : खरंय.

आई : ती उठली की तिला सांगाल हे? मशीनचंही सांगा. तिला ते माहीत नाही.

डॉक्टर : तुम्हीच सांगा की.

आई : मी सांगितलं तर म्हणेल, हेही घरीच शिवून आणलंस. तुम्ही सांगा. मी तेवढा वेळ बाहेर थांबते.